तळ्यावरचा सूर्य वेळेवर येतो

प्र. 'पात्रिया' हे एक नाटक की बारा?

उ. बारा, आणि सगळी मिळून एक. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर (१९३३–२०२१) यांनी १९६६ साली याला हात घातला आणि पुढे कित्येक दशकं त्यात भर घालत राहिले. दहा भाग, आधी नांदी, शेवटी भरतवाक्य. धागा एकच: लांडगा आणि राजकन्या एकमेकांना शोधतात, दर खेपेला वेगळ्या रूपात. सुरुवातीचे भाग रंगमंचासाठी होते. पुढे जत्रेचं मैदान आलं, जंगल आलं. गंमत म्हणजे नांदीचा प्रयोग, तोही पहाटे खऱ्या तळ्यावर, झाला १९८१ मध्ये, दुसरा भाग येऊन गेल्यावर!

प्र. तळं पडद्यावर रंगवता येत नाही का? लोकांना अंधारात कशाला उठवायचं?

उ. रंगवता येईल, पण मग ऐकू काय येणार? नांदीत गायिका पलीकडच्या काठावर, दिसत नाही. वादक झाडीत विखुरलेले, पात्रं होड्यांमधून येतात. पहाटे पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असली, की आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांबवर पोचतो. दिवस तापला, वारा सुटला की ही सोय संपली. शिवाय पक्ष्यांचं सोंग घेतलेले नट येतात त्याच सुमाराला खरे पक्षीही ओरडू लागतात. सूर्यदेवाचा प्रवेश खऱ्या सूर्योदयाला. म्हणजे नाटकाची वेळ पंचांगाने ठरवायची. पहिला प्रयोग टोरोंटोजवळच्या हार्ट लेकवर झाला, १९८५चा कॅनडातल्याच बॅन्फच्या डोंगरातल्या तळ्यावर. तळं बदललं की आवाजही बदलणार, आणि मला तरी हेच या नाटकाचं मर्म वाटतं.

प्र. प्रेक्षकांनाही कामाला लावतात म्हणे?

उ. लावतात. याच मालिकेतलं 'रा' (१९८३) सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालतं. पंचाहत्तर प्रेक्षक इजिप्तच्या सूर्यदेवाबरोबर पाताळातून रात्रभर चालतात. दशावतार बघत रात्र काढलेल्यांना जागरणाचं नवल नाही, पण तिथे निदान बसता येतं. भरतवाक्यात तर प्रेक्षक असा उरतच नाही. आठवडाभर जंगलात तंबू ठोकून राहणारे सगळेच कलाकार.

प्र. घरबसल्या कुठून सुरुवात करू?

उ. 'द क्राउन ऑफ एरिअ‍ॅड्नी' ही शेफर यांची हार्प या मोठ्या तंतुवाद्यासाठीची रचना ऐका; वादक हार्पबरोबर तालवाद्यंही स्वतःच वाजवतो. त्यानंतर १९७९ची बारा ट्रॉम्बोनची (फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांची) तळ्याकाठची रचना. हेडफोन नको, खिडकी उघडी ठेवा.