हृदयाची बायपास आणि मानेची धमनी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे असून त्यांची बायपास ठरली आहे. डॉपलर तपासणीत मानेच्या डाव्या धमनीत ७५ टक्के अडथळा निघाला. लकव्याचे लक्षण मात्र आजवर कधीच दिसले नाही. बायपास आणि मानेची धमनी साफ करण्याची शस्त्रक्रिया, दोन्ही एकाच भूल देण्यात उरकून घ्याव्यात का? (बाळे, सोलापूर)

उत्तर : ‘उरकून घेणे’ हा विचार स्वाभाविक असला, तरी तुमच्या वडिलांसारख्या रुग्णाबाबत पुरावा त्याच्या बाजूने नाही. जर्मनीत प्रामुख्याने झालेल्या ‘कॅबॅक्स’ या चाचणीत, मानेच्या धमनीत अडथळा असूनही त्याची लक्षणे नसलेल्या रुग्णांपैकी एकत्रित शस्त्रक्रिया झालेल्यांत ३० दिवसांतील पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण १८.५ टक्के, तर केवळ बायपास झालेल्यांत ९.७ टक्के आढळले. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली आणि रुग्ण जेमतेम सव्वाशे होते, म्हणून या फरकाला अंतिम निर्णय मानता येत नाही. पण एकत्र केल्याने फायदा होतो, असेही त्यातून दिसत नाही. बायपासच्या वेळी होणारे अनेक पक्षाघात मानेतून येतच नाहीत. महाधमनीच्या भिंतीवरील चरबीचे कण सुटणे किंवा हृदयाचे ठोके अनियमित होणे हीदेखील त्यांची कारणे असतात, आणि मान साफ केल्याने ती टळत नाहीत. मात्र गेल्या सहा महिन्यांत उजवा हात काही मिनिटे लुळा पडला असेल, बोलणे अडखळले असेल किंवा डाव्या डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे झाले असेल, तर सारा हिशोब बदलतो. वडिलांना हे नेमके विचारा. ‘झोपेत हात दबला होता’ म्हणून माणसे अशी गोष्ट सांगतच नाहीत. दोन्ही बाजूंना ७० टक्क्यांहून अधिक अडथळा असल्यासही वेगळा विचार होतो.

प्रश्न : आईच्या दोन्ही शस्त्रक्रिया सात वर्षांपूर्वी एकत्र झाल्या. तिने विड्या वळणे सोडले, पण मिश्री सुटलेली नाही. नस पुन्हा बंद होते का? गोळ्या आणखी किती दिवस घ्यायच्या? (अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : साफ केलेली मानेची धमनी सहसा वर्षानुवर्षे मोकळी राहते. पहिल्या दोन वर्षांत ती अरुंद झाली, तर ते बहुधा जखम भरताना आतले अस्तर जाड झाल्यामुळे असते आणि त्यातून पक्षाघात क्वचितच होतो. त्यानंतरचा अडथळा मात्र मूळ रोगाचाच असतो. पुढची खरी चिंता हृदयाची. बायपासमध्ये लावलेला छातीतील धमनीचा जोड दहा वर्षांनंतरही बहुतेकांत चालू असतो, पायातून काढलेल्या शिरांपैकी मात्र सुमारे निम्म्याच तोवर टिकतात. म्हणून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायमचीच. दात काढायचा म्हणून ॲस्पिरिन परस्पर बंद करू नये. मिश्री ओढली जात नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा आपल्याकडचा जुना समज आहे. भाजलेली असली तरी ती तंबाखूच, आणि तिच्यातील निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते.

प्रश्न : मानेच्या शस्त्रक्रियेनंतर चार महिने झाले तरी कानाची पाळी बधिर आहे. (बार्शी)

उत्तर : छेदाजवळून जाणारी त्वचेची मज्जातंतू दुखावल्याने असे होते. बहुतेकांत काही महिन्यांत संवेदना परतते, काहींत थोडा बधिरपणा राहून जातो. तोवर दाढी करताना त्या बाजूला वस्तरा जपून फिरवावा.