मार्क नोंदी (ग्रंथालयाच्या तालिकेतल्या संगणकीय नोंदी) आरडीएफमध्ये (माहिती छोट्या-छोट्या विधानांत मांडण्याच्या पद्धतीत) नेताना प्रकाशक किंवा वर्ष माहीत नसेल तर काय लिहायचं? रिकामी स्ट्रिंग की 'अज्ञात'?

दोन्ही नको. माहिती नसेल तर ते ट्रिपल, म्हणजे 'वस्तू-गुणधर्म-मूल्य' असं विधान, लिहूच नका. आरडीएफमध्ये विधान नाही म्हणून ते खोटं ठरत नाही, त्यामुळे गाळल्याने चूक होत नाही. भरल्याने मात्र होते.

वर्षाला 'जीइयर' (फक्त वर्षासाठीचा) हा डेटाटाइप असेल तर रिकामी स्ट्रिंग अवैध ठरते. काही ट्रिपलस्टोअर (ट्रिपल साठवणारे डेटाबेस) फाइलच नाकारतात. काही ती घेतात, आणि मग '1900 पूर्वीची पुस्तकं' शोधताना तुलनेत चूक होऊन ती ओळ गुपचूप गळते. प्रकाशकाचं याहून वाईट. जुन्या नोंदींत 'एस. एन.' असतं, म्हणजे लॅटिनमध्ये 'नाव नाही'. रूपांतर करणारी स्क्रिप्ट त्यालाच नाव समजून यूआरआय (वेब-पत्त्यासारखी स्वतंत्र ओळख) देते आणि एकमेकांशी संबंध नसलेली सगळी पुस्तकं एकाच 'प्रकाशका'ला चिकटतात. नंतर ती सोडवणं फार जिकिरीचं. म्हणून मार्कमधल्या प्रकाशनाच्या 260 आणि 264 या फील्डमधले असे शब्द रूपांतराआधीच वेगळे काढा. ते दाखवायचे असतील तर फक्त प्रकाशन-निवेदनाच्या साध्या मजकुरात राहू द्या.

पण सगळंच गाळू नका. तालिकाकाराने शोधलं आणि सापडलं नाही, हीसुद्धा माहितीच आहे. मार्कच्या 008 या कोडच्या फील्डमध्ये वर्षाच्या जागी चार 'यू' म्हणजे वर्ष अज्ञात, तर चार उभ्या रेघा (||||) म्हणजे कोड भरलाच नाही. रेघा गाळा. भाषेच्या कोडमध्ये 'यूएनडी' म्हणजे ठरवता आली नाही, 'झेडएक्सएक्स' म्हणजे भाषा नाहीच, उदाहरणार्थ एकल तबलावादनाचं ध्वनिमुद्रण. या दोन्ही कोडना लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शब्दसंग्रहात यूआरआय आहेत, तेच वापरा.

अर्धवट तारखांना ईडीटीएफ (अनिश्चित तारखा लिहिण्याची प्रमाणित पद्धत) लावा. दशक कळत असेल तर शेवटच्या अंकाच्या जागी एक्स, शंका असेल तर '1875?', अंदाज असेल तर '1875~'. नियतकालिक अजून निघत असेल तर '1995/..' आणि कधी बंद पडलं ते माहीत नसेल तर नुसतं '1995/'. या दोन टिंबांनी अर्थ पूर्ण बदलतो. मार्कमधलं 9999 हे 'चालू आहे' याचं चिन्ह आहे, ते वर्ष म्हणून नेऊ नका. आणि जुन्या मराठी पुस्तकावर फक्त 'शके 1790' असेल तर वर्ष अज्ञात नाही! शक चैत्रात सुरू होतो, म्हणून '[1868,1869]' लिहा, म्हणजे दोहोंपैकी एक.

'प्रकाशक होता, नाव कळत नाही' हे सांगायला ब्लँक नोड (स्वतःचा यूआरआय नसलेला घटक) चालतो, पण तीच फाइल पुन्हा चढवली की नवे नोड तयार होतात. मी त्याऐवजी नोंदीच्या क्रमांकावरून स्थिर यूआरआय बनवीन. विकिडेटात (विकिपीडियाशी जोडलेल्या खुल्या माहितीसाठ्यात) 'अज्ञात मूल्य' आणि 'मूल्य नाही' असे दोन वेगळे पर्यायच आहेत. तिथे अज्ञात मूल्यही नोड म्हणून येतं, त्यामुळे 'लेखक असलेली पुस्तकं' मोजताना तेही धरलं जातं. 'विकिबेस:इजसमव्हॅल्यू' हे फंक्शन वापरून ते वगळा.

स्पार्कलमध्ये (आरडीएफमधली माहिती शोधण्याच्या भाषेत) अशा गुणधर्मांना 'ऑप्शनल'मध्ये घ्या, नाहीतर वर्ष नसलेलं पुस्तक यादीतूनच जाईल. नेमकी वर्ष नसलेली पुस्तकं हवी असतील तर 'फिल्टर नॉट एग्झिस्ट्स'.