उष्णता घेते, तरी गार कशी? 'उष्माग्राही'बद्दल

एका आईने विचारलं आहे: "मुलगी दहावीत आहे. उष्णता शोषून घेणारी ती उष्माग्राही अभिक्रिया, असं ती पाठ करते. पण उष्णता घेतली की वस्तू तापते. मग अशा अभिक्रियेत भांडं गार का पडतं? शब्द उलटा तर नाही? आणि उष्मादायी अभिक्रिया जलद, उष्माग्राही संथ, असं लक्षात ठेवलं तर चालेल का?"

शब्द उलटा नाही. घोटाळा होतो तो कर्ता ठरवताना. 'फलदायी' झाड फळ देतं आणि ते आपल्याला मिळतं. तसंच 'उष्मादायी'मध्ये देणारी अभिक्रिया, घेणारे आपण: भांडं, पाणी, आजूबाजूची हवा, आपला हात. हात भाजतो कारण त्याला उष्णता मिळाली. 'ग्राही' आणि 'ग्राहक' हे एकाच 'ग्रह्' धातूतून आलेले, म्हणजे घेणारे. ग्राहक माल घेऊन गेला की दुकानदाराची फळी रिकामी होते. उष्माग्राही अभिक्रियेत ग्राहक आहे अभिक्रिया आणि दुकानदार आहे भांडं. म्हणून भांडं गार.

मग घेतलेली उष्णता जाते कुठे? जुने रासायनिक बंध तोडायला ऊर्जा लागते, नवे जुळताना ती बाहेर पडते. तोडायला लागलेली ऊर्जा जुळताना मिळालेल्या ऊर्जेपेक्षा जास्त असेल, तर ती तूट आजूबाजूच्या उष्णतेतून भरून निघते आणि नव्या पदार्थांत रासायनिक ऊर्जा म्हणून राहते. ती तिथे ऊब म्हणून राहत नाही, त्यामुळे थर्मामीटरला दिसत नाही. हिंदीत या अभिक्रियेला 'ऊष्माशोषी' म्हणतात. मला आपला 'ग्राही' जास्त पटतो. 'शोषणे' म्हटलं की टिपकागद डोळ्यांपुढे येतो. त्यात शाई शाईच राहते. इथे उष्णता उष्णता राहत नाही. पुस्तकी व्याख्येतल्या 'शोषून घेणारी' या शब्दांमुळेच तुमची मुलगी अडली असावी. तिथे नुसतं 'घेणारी' म्हणा.

आता वेगाची गोष्ट. हे समीकरण मात्र मनातून काढून टाका. घरातच पाहा: वाटीभर लिंबाच्या रसात थर्मामीटर ठेवा आणि चमचाभर खाण्याचा सोडा टाका. क्षणात फसफसून फेस वर येतो आणि तापमान मात्र उतरतं. उष्माग्राही, तरी झटपट. उलट लोखंड गंजतं तेव्हा उष्णता बाहेर पडते, पण इतकी सावकाश की खिडकीचा गज कधी कोमट लागत नाही.

याहून चांगलं उदाहरण चुन्याचं, आणि ते मला फार आवडतं, कारण त्यात हिशोब पैन् पै जुळतो. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीचा असा ५६ ग्रॅम कळीचा चुना होताना ही अभिक्रिया सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता घेते. ही उष्माग्राही. त्या कळीवर पाणी ओतलं की ती फुलते, वाफा निघतात, आणि सुमारे ६५ किलोज्यूल परत मिळतात. या प्रमाणात किलोभर कळीची उष्णता साडेतीन लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेल. हा झाला विरी गेलेला चुना. तो वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळून भिंतीत जातो (आपल्या कितीतरी किल्ल्यांवर अशा घाण्याचं दगडी चाक आजही पडलेलं दिसतं). भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि उरलेले सुमारे ११३ किलोज्यूल देऊन टाकतो. ६५ आणि ११३ मिळून १७८. भट्टीने दिलेलं सगळं परत.

पण दर पाहा. ६५ वाली अभिक्रिया काही मिनिटांत पाणी खदखदवते. ११३ वाली जवळजवळ दुप्पट उष्णता देते, तरी तिला महिने, जाड भिंतीत वर्षानुवर्षं लागतात, कारण हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के आणि तो चुन्याच्या आत झिरपायला वेळ घेतो. भिंतीला हात लावून कुणालाही काही कळणार नाही. दोन्ही उष्मादायीच. 'दायी' आणि 'ग्राही' हे शब्द सुरुवात आणि शेवट यांतल्या देण्याघेण्याबद्दल बोलतात. किती वेळात, याबद्दल नाही. उत्प्रेरक घातला तर अभिक्रिया लवकर उरकते, पण या हिशोबातला एक ज्यूलही बदलत नाही.

मूळचे एक्झोथर्मिक आणि एंडोथर्मिक हे शब्द १९व्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्थेलो यांनी ग्रीकवरून घडवले. 'एक्झो' बाहेर, 'एंडो' आत. त्यांचंही मत होतं की जास्तीत जास्त उष्णता देणारा बदल घडण्याकडेच पदार्थांचा कल असतो. ते पुढे अपुरं ठरलं. आपोआप फसफसणारी सोड्याची वाटी तेच सांगते. तेव्हा तुमच्या मुलीला पडलेला प्रश्न लहान नाही, हे तिला जरूर सांगा.

'अभिक्रियेचा वेग' म्हणावं की 'दर'? बोलताना वेग चालतो, लिहिताना दर लिहावा. भौतिकशास्त्रात वेगाला दिशा असते. अभिक्रियेला तशी दिशा नाही. 'दररोज', 'दरडोई' यांतला प्रत्येकी हा अर्थ इथे नेमका बसतो: दर सेकंदाला किती पदार्थ बदलला.

राहिलं ऱ्हस्व-दीर्घ. संस्कृतात उष्मन् आणि ऊष्मन् दोन्ही आहेत. मराठीत उष्मांक, उष्माघात, 'आज फार उष्मा आहे' असा ऱ्हस्व उ रुळलेला आहे, तोच ठेवावा. आणि अभिक्रिया स्त्रीलिंगी म्हणून 'उष्मादायिनी' करू नये. आपण 'आनंददायी सहल'च म्हणतो.