माजलगावची जुनी पॉन्टून बोट: साडेसहा लाख घालावेत का?

माजलगावच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४६, गावात कृषी सेवा केंद्र. बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून त्यांनी १ लाख ६० हजारांना २२ फुटी जुनी पॉन्टून बोट घेतली. खाली अॅल्युमिनियमचे दोन पोकळ नळे, वर प्लायचा डेक, मागे ४० एचपीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन. आता नवा डेक, सीट आणि छताला १ लाख ९० हजार, नव्या फोर-स्ट्रोक इंजिनाला ४ लाख ६० हजार, असे साडेसहा लाख घालायचे आहेत. तीन लाख मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडून, साडेतीन लाख सोनेतारण करून. धरणावर पर्यटकांना फिरवून रोजचे ३,००० धरले तर २०० दिवसांत सहा लाख, म्हणजे वर्षभरात वसूल, असा त्यांचा हिशोब आहे.

दादा, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. बोट दुरुस्त करा. नवं इंजिन घेऊ नका. एफडी आणि वहिनींचं सोनं, दोन्हीला हात लावू नका.

तुमचे २०० दिवस कुठून आले ते मी शोधत होतो. माजलगावला बोटीत बसायला माणूस येणार तो रविवारी, सणाला, दिवाळीच्या नि मे महिन्याच्या सुट्टीत. मी ६० दिवस धरतो, आणि हेही हात सैल सोडून. दिवसाला चार फेऱ्या, फेरीला सरासरी सहा माणसं, माणशी शंभर रुपये: २,४०० रुपये गल्ला. अर्ध्या तासाच्या फेरीला जुनं इंजिन संथ चालवलं तरी तीन लिटर पेट्रोल धरा, चार फेऱ्यांचं बारा लिटर. १०६ रुपयांनी झाले १,२७० च्या आसपास. सोबतच्या पोराची ५०० रुपये मजुरी. हातात राहिले ६३०. साठ दिवसांचे ३७,८००. आता साडेतीन लाखांच्या सोनेतारणाचं साडेदहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज काढा: ३६,७५०. म्हणजे उन्हातान्हात वर्षभर बोट हाकायची आणि सगळी शिल्लक सोन्याच्या व्याजात घालायची. मुद्दल तसंच. एफडीचे तीन लाख तसेच पाण्यात. विमा आणि दुरुस्ती तर मी अजून धरलेलीच नाही.

आणि हे पाणी असलेल्या वर्षाचं झालं. माजलगाव धरण सिंदफणेवर असलं तरी त्याचा मोठा आधार पैठणच्या उजव्या कालव्यातून येणारं जायकवाडीचं पाणी. वर नाशिक-नगरला पाऊस कमी झाला की त्याची झळ तुमच्या काठापर्यंत येते. २०१६ चा उन्हाळा तुम्ही पाहिलाय. मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मी लातूरचाच, त्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत टँकरपुढे लागलेल्या घागरींची रांग मला अजून डोळ्यांपुढे दिसते. अशा वर्षी बोट काठावर पडून राहते, हप्ता मात्र चालूच असतो. म्हणून मराठवाड्यात पाण्यावरचा कुठलाही धंदा मी पाचातली तीनच वर्षं चालेल असं धरून मोजतो. तसं धरलं तर तुमची सरासरी वर्षाला २२-२३ हजारांवर येते.

नाथसागरावरही, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावरही, बोट न्यायचा विचार तुम्ही लिहिलाय. ती ओळ वहीतून खोडा. तो भाग १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय मोटरबोट घालणं म्हणजे गुन्हा ओढवून घेणं.

आता इंजिनाचं. नवं फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, हे खरं. बारा लिटरच्या जागी आठ लागेल असं धरू. चार लिटर पेट्रोल आणि टू-स्ट्रोकमध्ये मिसळायचं ऑइल मिळून दिवसाला पाचशे वाचतील, ६० दिवसांचे ३०,०००. चार लाख साठ हजार निघायला पंधरा वर्षं लागतील, तीही दरवर्षी धरण भरलं तर. शिवाय दोन नळ्यांची पॉन्टून ही पाण्यावर पळायची चीजच नाही. माणसं बसतात ती निवांत फिरायला. त्या चालीला २०-२५ एचपी पुरतं. तुमच्याकडे ४० आहे.

तेव्हा प्रश्न एवढाच की जुनं इंजिन जिवंत आहे का. हे कळायला लाख लागत नाहीत. मेकॅनिकला घरी बोलवा आणि तुम्ही स्वतः शेजारी उभे राहा. दोन्ही स्पार्क प्लग काढून कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजायला सांगा. दोन सिलिंडरच्या आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नसला तर इंजिनात दम आहे. मग खालच्या गिअरकेसचा, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचा, तळाचा स्क्रू ढिला करून ऑइल वाटीत धरा. ऑइलच्या रंगाचं आलं तर बरं. दुधाच्या चहासारखं आलं तर सीलमधून पाणी शिरतंय, सील बदला, तो खर्च हजारांतला आहे. वाटीच्या तळाशी धातूचा कीस चमकला तर मात्र थांबा, मला कळवा. वॉटर पंपाचा इम्पेलर कसाही दिसला तरी नवा टाका. रबराचा तो छोटा पंखा गेला की थंड पाणी फिरत नाही आणि इंजिन जाम होतं. पेट्रोलचे पाइपही बदला, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते पाणी ओढतं, जुनं रबर खातं आणि महिनोन्महिने उभ्या बोटीच्या कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतं. हंगाम संपला की पेट्रोलचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा राहील.

पण या सगळ्याच्या आधी नळे. तुमच्या पत्रात डेकच्या रंगावर चार ओळी आहेत, नळ्यांवर एकही नाही. बोट विटांवर चढवा, नळ्यांची बुचं काढून आतलं पाणी निथळू द्या. मग पायपंपानं अगदी कमी हवा भरा, दोन-तीन पीएसआय, त्याहून जास्त नाही. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर थेट लावाल तर चांगले जोड फाटतील. साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक वेल्डिंगवर लावत जा. जिथे बुडबुडा फुगतो, तिथे खडूनं खूण करा. त्या खुणा एम-सीलनं बुजवू नका. संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत अॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणारे आहेत, तिथपर्यंत टेम्पोभाडं गेलं तरी चालेल.

डेकला प्लाय घेताना दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणाला म्हणून घेऊ नका. शिक्का वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, आयएस ३०३ म्हणजे नाही. वाळवी लागू नये म्हणून तांब्याची औषधं मुरवलेलं लाकूड अॅल्युमिनियमवर ठेवू नका, त्यानं नळे आणि आडव्या पट्ट्या गंजतात. बोल्ट स्टेनलेसचेच. सीट तूर्त साध्या चालतील.

कागदांवर मात्र काटकसर नको. इनलँड व्हेसल्स कायदा २०२१ चा आहे. इंजिनाच्या बोटीला नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा लागतो. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं, आणि जलाशयात उतरायला पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी. धरणावरच्या मच्छीमार संस्थेलाही आधी भेटा. पाणी उतरलं की बाभळीचे बुंधे कुठे वर येतात ते त्यांना तोंडपाठ असतं, आणि एका बुंध्यात पंखा गेला की महिन्याची कमाई गेली. प्रत्येक सीटमागे लाइफ जॅकेट घ्या, लहान मुलांचे वेगळे. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कळाशी-कुगाव दरम्यान वादळात बोट उलटली आणि सहा जीव गेले. मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेला ढग दाटला की फेरी बंद. त्या दिवशीचे ६०० रुपये सोडून द्या.

इंजिन मध्यात बंद पडलं तर काय, ही तुमची भीती रास्त आहे. त्यासाठी दोन मोठी वल्ही, नांगर आणि लांब दोर बोटीत ठेवा. काठावर दुसरी बोट तयार असेल अशा दिवशीच माणसं घ्या. इथेही मच्छीमार संस्थाच कामी येईल.

हे सगळं मी १ लाख ७५ हजारांत बसवायला सांगतोय, आणि तेही दुकानाच्या खरीप विक्रीतून उरलेल्या पैशांतून, टप्प्याटप्प्यानं. आधी नळे आणि इंजिनाची तपासणी, पास झाली तरच डेक. इंजिन नापास झालं तर २०-२५ एचपीचं वापरलेलं, तपासून घेतलेलं इंजिन शोधा, त्याला वरचे एक लाख. त्याच्यापुढे जायची वेळ आली तर बोट विका. १ लाख ६० हजारांतले काही बुडतील, बुडू द्या.

सोन्याबद्दल मी इतका ताठ का, तेही सांगतो. माझ्या वडिलांनी विहिरीवरच्या इंजिनासाठी आईच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. पुढची दोन वर्षं पाऊस नाही. पाटल्या सुटायला नऊ वर्षं गेली, आणि तोवर आई दर लग्नात पदराखाली हात झाकून बसायची. वहिनींनी हो म्हटलंय असं तुम्ही लिहिलंय. आईनंही म्हटलं होतं.

एफडीचं तर बोलायलाच नको. लेकीची फी पुढच्या जूनमध्ये आहे, पैसा नेमका त्याच महिन्यासाठी ठेवलाय, आणि मुदतीआधी मोडली तर बँक व्याजही कापेल. ती तिच्या नावाची आहे, तिच्याच कामी येऊ द्या.

तपासणी दिवाळीच्या आत उरका. कम्प्रेशनचे दोन आकडे, वाटीतल्या ऑइलचा रंग आणि नळ्यांवर खडूच्या किती खुणा झाल्या, एवढं मला लिहून पाठवा. डेकचा प्लाय त्यानंतर आणू.