पुनर्नवेने उंदरांची किडनी सुधारली, मग वडिलांना द्यायला काय हरकत आहे?

तुम्ही ज्या पेपरबद्दल विचारताय, जवळजवळ तसाच प्रयोग मी एम.फार्मला असताना केलाय. विस्टार जातीचे पांढरे उंदीर, जेंटामायसिन हे अँटिबायोटिक आणि पुनर्नवा या औषधी वनस्पतीचा अर्क. रिझल्टही छान आले होते. तरीही सांगते, वडिलांना देऊ नका.

त्या उंदरांची किडनी आम्हीच बिघडवतो. जेंटामायसिन माणसाला दिवसाला किलोमागे 3 ते 5 मिलिग्रॅम देतात. आम्ही उंदरांना 80 देत होतो, पोटात इंजेक्शन, सलग 8 दिवस. किडनीतल्या नळ्यांच्या सुरुवातीच्या भागात ते साचतं आणि तिथल्या पेशी मरतात. उंदीर मलूल पडायचे, पाणी खूप प्यायचे, पिंजऱ्यातला तूस रोज ओलाचिंब. नवव्या दिवशी रक्त काढलं की युरिया, क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे किडनी ते नीट बाहेर टाकत नाहीये.

पण अर्क कधी दिला, ते बघा. पहिल्या इंजेक्शनच्या दिवसापासूनच! म्हणजे होणारं नुकसान जरा कमी झालं, एवढंच आमच्या आकड्यांवरून म्हणता येतं. शिवाय त्या नळ्यांच्या पेशी पुन्हा तयार होतात. जेंटामायसिन थांबवलं तर अर्क न मिळालेले उंदीरही बहुधा काही आठवड्यांत सावरतात. आम्हाला ते दिसलंच नाही, कारण तोवर त्यांच्या किडन्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेल्या होत्या.

वडिलांना 15 वर्षं डायबेटिस आहे आणि क्रिएटिनिन 4.2, असं तुम्ही लिहिलंय. तिथे रक्त गाळणाऱ्या जाळ्याच व्रण धरून बंद पडत गेलेल्या असतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. जुनाट आजाराच्या जवळ जाणारे प्रयोगही आहेत: खाद्यात अ‍ॅडेनीन नावाचं रसायन 0.75 टक्के मिसळून 4 आठवडे द्यायचं, त्याचे खडे नळ्यांत अडकतात. किंवा शस्त्रक्रियेने दोन्ही किडन्या मिळून सहापैकी पाच हिस्से काढून टाकायचे. पण त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, उंदीर मध्येच दगावतात. दोन वर्षांच्या कोर्सात गाईड जेंटामायसिनच सुचवतात, आणि आपल्याकडे असे प्रबंध ढिगाने पडलेत.

त्यात पुनर्नवेमध्ये पोटॅशियमचे क्षार बरेच असतात. एवढं क्रिएटिनिन असताना पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, आणि ते वाढलं की थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. चूर्ण आधीच सुरू केलं असेल तर बंद करा, डबा नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) दाखवा आणि पोटॅशियमची तपासणी लगेच करून घ्या, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.