पेशींवर चाललेलं औषध शरीरात का चालत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रयोगशाळेत जंतू मारणारा रेणू सापडला की मोठं काम झालं, मग फार्माकोकायनेटिक्सवाल्यांना, म्हणजे शरीरात औषधाचं पुढे काय होतं ते मोजणाऱ्यांना, इतक्या लवकर का बोलावतात? मी त्या ‘वाल्यां’पैकीच एक, पुण्यात याच कामावर. तेव्हा थोडा पक्षपात धरूनच वाचा.

बशीतल्या चाचणीतून एक आकडा मिळतो: एवढी तीव्रता असली की जंतूची वाढ निम्म्यावर येते. पण बशीला ना आतडं, ना यकृत, ना मूत्रपिंड. टाकलेलं औषध तिथेच बसून राहतं. शरीरात मात्र ते गिळल्यापासून लघवीवाटे जाईपर्यंत एका जागी थांबत नाही. शिवाय रक्तातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात आणि मोकळं उरलेलं तेवढंच कामाचं. समजा बशीत ५० नॅनोमोलर (तीव्रतेचं एकक) पुरतं आणि रक्तात ९९ टक्के औषध प्रथिनांना चिकटतं. मग मोकळं ५० मिळवायला रक्तात एकूण ५,००० लागणार. हा गुणाकार न करता बशीतल्या आकड्यावर खूश होणारे मी पुष्कळ पाहिलेत.

यकृत औषध किती झपाट्याने मोडतं हे पाहायची आमच्याकडची सगळ्यात साधी चाचणी मायक्रोसोमची, म्हणजे यकृताच्या पेशी फोडून मिळवलेल्या, एन्झाइम असलेल्या बारीक कणांची. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून यकृताचे मायक्रोसोम काढायचे, ३७ अंशांवर नवा रेणू आणि एन्झाइमना चालू ठेवणारं एनएडीपीएच घालायचं, मग ०, ५, १५, ३० मिनिटांनी थोडं थोडं उचलून थंड अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये सोडायचं. एन्झाइम तिथेच बंद पडतात. किती उरलं ते एलसी-एमएस हे रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र सांगतं. एकदा सगळ्यांचा लाडका रेणू १५व्या मिनिटाला जवळजवळ गायब! केमिस्टने आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, “कुठून कुरतडलंय?” आम्ही जागा शोधून दिली, एक मिथाइल गट. एन्झाइमना तिथे कुरतडता येऊ नये म्हणून त्याने फ्लोरिन बसवला.

शरीराचा असा आधीच विचार केल्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे फ्लुकोनाझोल, आपल्याकडे गजकर्णावर सर्रास मिळणारी गोळी. इंग्लंडमधल्या सँडविच गावात फायझरच्या केन रिचर्डसन यांच्या गटाने ती शोधली. त्याआधीचं बुरशीवरचं औषध केटोकोनाझोल तेलकट स्वभावाचं: यकृत त्याचा फडशा पाडायचं, उरलेल्यातलं ९९ टक्के प्रथिनांना चिकटायचं. या मंडळींनी पाण्याशी जमवून घेणारा, यकृताला दाद न देणारा रेणू मुद्दाम घडवला. बशीत तो केटोकोनाझोलपुढे अगदीच किरकोळ दिसला, पण बुरशीची लागण केलेल्या उंदरांत त्याने बाजी मारली. कारण तोंडावाटे घेतलेल्या मात्रेतलं ९० टक्क्यांहून अधिक रक्तात पोचतं, प्रथिनांना जेमतेम ११-१२ टक्के चिकटतं, हाफ-लाइफ (रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) सुमारे ३० तास आणि जवळपास ८० टक्के लघवीतून जसंच्या तसं बाहेर येतं. नुसत्या बशीवर निवड केली असती तर ही गोळी कचऱ्यात गेली असती.

उलटही होतं, म्हणून बशी सोडून चालत नाही. आमचा तो फ्लोरिनवाला रेणू यकृतात मस्त टिकला. परत बशीत घातला, तर ताकद दहा पटींनी उतरलेली. केमिस्ट काही न बोलता पुन्हा कागद घेऊन बसला.