तिसऱ्या आठवड्यातच का रडू येतंय?

प्रश्न: ताई, नोकरीसाठी परदेशात येऊन मला तीन आठवडे झाले. पहिले आठ दिवस मस्त गेले, सगळं नवीन, नुसते फोटो काढत होते. आता ऑफिसातून आले की काहीच करावंसं वाटत नाही, रडू येतं. बँक म्हणते पत्त्याचा पुरावा आणा, घरमालक म्हणतो आधी इथलं बँक खातं दाखवा. रात्री दोन दोन वाजेपर्यंत आईशी व्हिडिओ कॉलवर असते, तिला सांगते सगळं छान चाललंय. माझा निर्णय चुकला का?

उत्तर: अगं, निर्णय चुकला की बरोबर हे तिसऱ्या आठवड्यात कुणालाच कळत नाही, तेव्हा तो प्रश्न निदान तीन-चार महिने तरी बाजूला ठेव. तुला जे होतंय त्याला नाव आहे, कल्चर शॉक. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली यावर लेख लिहिला होता, त्यात त्याने सुरुवातीच्या हौसेच्या दिवसांना हनिमूनच म्हटलंय आणि त्यानंतर चिडचिड, घरची प्रचंड ओढ, छोट्याशा उशिराचाही राग हे सगळं येतं असं सांगितलंय. म्हणजे तुझं काही बिघडलेलं नाही, पहिला टप्पा संपलाय इतकंच. आणि थकवा खराच आहे गं, घरी आपण बस पकडणं, बिल भरणं, समोरच्याचं बोलणं समजून घेणं हे डोकं न लावता करतो, तिथे प्रत्येक गोष्टीला डोकं लावावं लागतं, त्यात दिवसभर परक्या भाषेत ऐकायचं आणि बोलायचं, मग संध्याकाळी काही उरतच नाही.

आता तो रात्रीचा कॉल. रागावू नकोस, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. नव्या वेळेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एका तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो, म्हणजे तुझा जेटलॅग एव्हाना संपायला हवा होता, पण तू रोज दोनपर्यंत स्क्रीनसमोर जागी राहिलीस तर शरीराला रात्र कधी झाली तेच कळत नाही. कॉल बंद करू नकोस, फक्त वेळ बदल, दोघींना जमेल अशी अर्ध्या तासाची वेळ ठरवून टाक आणि सकाळी उठल्या उठल्या वीस मिनिटं तरी बाहेर उजेडात चाल, कारण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने सगळ्यात चांगलं लागतं.

बँक आणि घराचा तिढा जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. तुझ्या कंपनीच्या एचआरकडून नोकरी, पगार आणि सध्याचा तात्पुरता पत्ता लिहिलेलं लेटरहेडवरचं पत्र घे, बऱ्याच बँकांना ते चालतं. बँकेत नुसतं ‘चालेल का’ असं विचारू नकोस, कुठकुठले पुरावे चालतात त्याची यादीच माग आणि एका बँकेने नाही म्हटलं तर दुसरीत जा. घाईत एक चूक मात्र अजिबात करू नकोस, घर स्वतः न बघता कुणालाही डिपॉझिट पाठवू नकोस, ‘मी बाहेरगावी आहे, किल्ली कुरियरने पाठवतो’ असं म्हणणाऱ्याला तर उत्तरसुद्धा देऊ नकोस. जुना फोन नंबर चालू ठेव, घरच्या बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. आणि रोजची औषधं असतील तर त्यांची जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाची नावं लिहून ठेव, ब्रँडचं नाव तिथे कुणाला कळेलच असं नाही, आणि जेनेरिक नावही कधी कधी वेगळं असतं, साधं पॅरासिटामॉल काही देशांत अ‍ॅसिटामिनोफेन नावाने मिळतं.

आणखी एक, रोज एकाच ठिकाणी जा. लायब्ररी, बाग, काहीही, पण तेच ठिकाण आणि तीच वेळ. आठ-दहा दिवसांत कुणीतरी मान हलवेल. मैत्री नाही ती, पण आपल्याला इथे कुणीतरी ओळखतं एवढ्यानेही खूप फरक पडतो. मात्र झोप, भूक, कामातलं लक्ष सलग दोन आठवडे गेलेलंच राहिलं तर कल्चर शॉक म्हणून अंगावर काढू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा.

आणि आईला खरं सांग. सगळं रडगाणं नको, पण ‘आज तिसऱ्यांदा बँकेत गेले, काम झालं नाही, वैताग आला’ एवढं तरी सांग. तुझ्या आवाजावरून तिला ते आधीच कळलेलं असणार.